अण्णांच्या घरातले दोन राउटर

"पंधरा टाकायचं नाही," उदयदादा म्हणाला. "बारावरच शीक. ज्याला बारा येतं त्याला पंधरा आपोआप येतं."

"परीक्षा पंधरावर आहे, दादा."

"असू दे की."

जयसिंगपूरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर दोन राउटर एकावर एक ठेवलेले होते. राउटर म्हणजे एका ठिकाणचं नेटवर्क दुसऱ्या ठिकाणच्या नेटवर्कला जोडणारा डबा. आमचे दोन्ही जुने, राखाडी, पंखा सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखे घरघरणारे. हीच माझी लॅब. त्यांच्यात जे सॉफ्टवेअर होतं त्याचा नंबर बारा. कंपनीनं त्यापुढचं पंधरा काढून बरेच दिवस झाले होते आणि माझी सर्टिफिकेशनची परीक्षाही त्या वर्षीपासून पंधरावरच होणार होती. परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

"कालच्या सराव पेपरात माझे अकरा प्रश्न चुकले," मी म्हणाले. "बारामध्ये जे आपोआप चालू असतं ते पंधरामध्ये बंद असतं. माझ्या हाताला बाराची सवय लागलीय."

"मग पाठ कर. अकरा गोष्टी पाठ होत नाहीत व्हय तुला?"

"टाकून बघायला काय जातंय?"

"डबा जाईल." तो वायर गुंडाळत बोलत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "आत जागा किती आहे बघितलीस? जुनं पुसल्याशिवाय नवीन बसत नाही. नवीन अर्धवट बसलं की डबा मेला. परत नवीन आणायचं कुठून? कंपनीकडं मागायला गेलं की ते डब्याचा नंबर विचारतात. नसती कटकट. नंबरबिंबर कुणाला देऊ नकोस."

अण्णा चहा घेऊन आले. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून चहा त्यांच्याकडेच होता. त्यांनी पहिला कप उदयदादाला दिला, मग मला, आणि स्वतःचा घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले. रविवारी दादा आला की ते तिथंच बसायचे. आमच्या बोलण्यातलं त्यांना काही कळत नसणार असं मी धरून चालले होते.

"पोरगी म्हणतीया ते काय चुकीचं हाय का, उदय?" त्यांनी विचारलं.

"चुकीचं नाही, अण्णा. पण गरज काय?"

"बरं," अण्णा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

उदय आवटी अण्णांच्याच सूतगिरणीत कॉम्प्युटर विभागात होता आणि एव्हाना त्या विभागाचा प्रमुख झाला होता. अण्णा तिथं एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. होते म्हणायचं, कारण निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांना चोरीच्या आरोपावरून काढून टाकलं होतं. स्टोअरमधून माल गेला, एवढंच त्यांनी मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होते. काय गेलं ते गावात प्रत्येक जण वेगळं सांगायचा. कुणी बेअरिंग म्हणायचं, कुणी मोटारी. अण्णा काहीच म्हणायचे नाहीत. भाजी आणायला जायचे ते दुपारी दोनला, रस्त्यावर कुणी नसताना.

माझं डोकं तेव्हा फार गरम असायचं. अण्णांविषयी वावगं बोलली म्हणून सख्ख्या आत्याशी मी बोलणं टाकलं होतं. आपल्या बापाला अडकवलं आहे याबद्दल मला तीळभर शंका नव्हती. पुण्यात एका कंपनीनं सर्टिफिकेट आण, नोकरी घे असं सांगितलं होतं. नोकरी लागली की चांगला वकील लावायचा, चौकशी परत उघडायला लावायची आणि अण्णांना भर सकाळी, लोक बघत असताना, बाजारातून चालवायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. परीक्षा हवी होती ती त्यासाठी.

अण्णांना काढल्याला दोन वर्षं होऊन गेली होती आणि तेवढ्यात गिरणीतला एकही माणूस आमची पायरी चढला नव्हता. एक उदयदादा आला. पाच महिन्यांपूर्वी एका रविवारी पोत्यात घालून हे दोन डबे घेऊन आला. पुण्याच्या जुन्या बाजारातून माझ्यासाठी घेतले म्हणाला, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी शिकवायला यायचा, एक पैसा न घेता. माझ्या वहीत त्याच्या अक्षरात पानंच्या पानं होती. देवमाणूस, असं मी अर्शियाला फोनवर सांगितलं होतं.

बुधवारी त्याच अर्शियाला मी परत फोन लावला. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, पुण्यात एका मोठ्या कंपनीत नेटवर्कचंच काम करायची.

"तुझा दादा जुन्या काळात अडकलाय," ती म्हणाली. "सगळे पंधरावर सराव करतात. आमच्या लॅबमध्ये असलेच डबे आहेत. तू नंबर पाठव, कोणतं बसेल ते बघून सांगते."

"नंबर देऊ नको म्हणाला तो."

"का?"

बघून कळवते म्हणाले आणि फोन ठेवला. मी डबे उलटे करून बघितले. जिथं नंबराची चिठ्ठी असते तिथं दोन्हीवर खरवडल्याच्या खुणा होत्या. जुन्या बाजारातला माल असाच असतो म्हटलं. नंबर आतही असतो, एक आज्ञा दिली की स्क्रीनवर येतो. तो मी रोज बघत होते, फक्त कधी वाचला नव्हता. दोन्ही नंबर वहीत उतरवले. एकाच्या शेवटी ४०७१, दुसऱ्याच्या शेवटी ४०९६. अर्शियाला पाठवून दिले.

परीक्षेच्या अर्जात नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच हवं होतं आणि माझा दाखला अण्णांच्या ट्रंकेत होता. अण्णा दळण आणायला गेले होते. ट्रंकेला कुलूप नव्हतं, पण मी ती कधी उघडली नव्हती. त्यांचं तिच्याकडे जाणं-येणं बघून मला कळायचं की आत त्यांनी जपून ठेवलेलं काहीतरी आहे.

दाखला वरच होता. त्याखाली गिरणीचं पत्र. अण्णांना कामावरून कमी केल्याचं. वकिलाला कधीतरी ते लागणारच होतं, म्हणून मी वाचायला घेतलं. 'आपल्या ताब्यातील खालील दोन नग वार्षिक मोजणीत आढळून आले नाहीत.' पुढं नगांची नावं होती. राउटर, एक. राउटर, एक. आणि त्यांच्यासमोर नंबर.

४०७१. ४०९६.

मी वही आणली आणि पत्राशेजारी ठेवली. पहिल्या अक्षरापासून बोट ठेवून वाचलं, मग उलटं, शेवटाकडून पहिल्याकडे. पेनाची शाई बोटाला लागत होती. बाहेरच्या खोलीत पंखे घरघरत होते. ज्या वस्तूंपायी माझ्या बापाचं नाव गेलं त्या आमच्याच घरात, आईच्या टेबलावर होत्या, आणि त्यांच्यावरचं कापडी झाकण मी स्वतः शिवलं होतं. मी उठून आधी पुढच्या दाराला कडी घातली. कुणी बघेल याची भीती वाटली, म्हणजे चोराला वाटते तीच.

अण्णांनी दार वाजवलं तेव्हा मी कडी काढली. त्यांनी पिठाचा डबा खाली ठेवला, उघडी ट्रंक बघितली, माझ्या हातातलं पत्र बघितलं.

"अण्णा, तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणाले. "तुम्ही आधी बसा. हे जे डबे आहेत ना आपल्याकडं..."

"गिरणीचे हायत," अण्णा म्हणाले.

मी पत्र खाली ठेवलं.

"म्हायती हाय मला. त्यानं पोत्यातनं काढले त्याच दिवशी ओळखले."

"कसे?"

"एकाची वायर सोडली न्हवती त्यानं. आपल्या गिरणीच्या सुतानं बांधलेली हुती. मी बांधलेली. माझी गाठ मला कळायची न्हाई का?" ते शांतपणे बसले आणि चप्पल काढून बाजूला सरकवली. "चिठ्ठ्या तेवढ्या खरवडल्या त्यानं. गाठ ऱ्हायली."

पाच महिने. पाच महिने हा माणूस दाराजवळ बसून त्या डब्यांचा आवाज ऐकत होता आणि मला अभ्यास कर म्हणत होता. मला राग कुणाचा यावा तेच कळेना.

"त्यानं चोरले आणि तुम्ही त्याला चहा पाजताय?"

"चोरले न्हाईत. मी दिले."

त्यांनी मग सांगितलं ते असं. डबे गिरणीनं मागवलेले, पण जोडणीचं काम लांबलं म्हणून स्टोअरमध्ये पडून होते. उदय तेव्हा तीच परीक्षा देणार होता, जी मी देणार होते. अण्णा, महिनाभर घरी नेऊ द्या, हाताखालून घालतो आणि आणून ठेवतो, म्हणाला. गिरणीत असं चालायचं. पोरं शिकायला म्हणून कधी मीटर न्यायची, कधी नट-बोल्टचे पाने, आणि अण्णा चिठ्ठी न करता द्यायचे, कारण चिठ्ठी केली की ती साहेबांपर्यंत जायची आणि पोराला नाही म्हटलं जायचं. उदयनं डबे नेले. परीक्षा पास झाला. आणायला आज उद्या करत राहिला. तेवढ्यात वार्षिक मोजणी दीड महिना अलीकडे आली.

"मग नाव का नाही सांगितलंत?"

"तो आला हुता रातीचा. रडला. म्हणाला, अण्णा, दोन दिवस द्या, मी स्वतः साहेबास्नी जाऊन सांगतो. नवा हुता नोकरीत, कायम व्हायचा हुता. मी म्हटलं सांग. तूच सांगितलंस तर माफ करतील. मी सांगितलं तर चोर ठरशील."

"आणि?"

"वाट बघितली."

"दोन वर्षं?"

"डबे घिऊन आला ना घरी," अण्णा म्हणाले. "म्हटलं, आज बोलंल. न्हाई बोलला. पुढच्या रविवारी बोलंल. येतोय म्हंजे मनात हाय त्येच्या. तू परीक्षा दे. त्याला काय बोलू नकोस. त्याचं त्यानं बोललं पायजे, सुकन्या. तरच त्याला अर्थ हाय."

मी हो म्हणाले. खोटं हो. रात्रभर मला वाटत राहिलं की अण्णांचा भाबडेपणा आता पुरे झाला, आपण शिकलेली मुलगी, आपल्याला काहीतरी केलं पाहिजे. गुरुवारी सकाळी अण्णा आंघोळीला गेले तसे मी दोन्ही डबे त्याच पोत्यात भरले, पत्र आणि वही घेतली आणि रिक्षानं गिरणीत गेले.

जनरल मॅनेजर हेरवाडे साहेब म्हातारे, सभ्य गृहस्थ. मला त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मी पोतं त्यांच्या टेबलाशेजारी ठेवलं, डबे काढले, नंबर दाखवले. बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं.

साहेबांनी चष्मा लावून पत्र बघितलं, मग वही, मग डबे.

"म्हणजे शेवटी घरातच होते तर," ते म्हणाले.

"नाही साहेब. तुम्ही ऐका. हे उदय आवटींनी आणले आमच्याकडं."

"बाळ, तू वडिलांचा जबाब वाचलायस का?"

"कसला जबाब?"

त्यांनी कारकुनाकडून फाइल मागवली, पान काढलं आणि फिरवून माझ्यासमोर ठेवलं. अण्णांचं अक्षर मी अंधारातही ओळखेन. एकतीस वर्षं रकान्यांत लिहून बारीक आणि सरळ झालेलं. 'सदर दोन नग मी स्वतः घरी नेले. यात अन्य कोणाचाही संबंध नाही. कृपया प्रकरण पोलिसांत देऊ नये.' खाली सही. भूपाल आदगोंडा मगदूम.

"आम्ही चार वेळा विचारलं त्यांना," साहेब सांगत होते. "माझा स्वतःचा विश्वास बसत नव्हता. संचालक म्हणाले पोलिसांत द्या, सगळ्या विभागाची झडती होऊ दे. तेव्हा त्यांनी हे लिहून दिलं. माल कुठं आहे ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही."

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते. आत्याशी भांडले होते, वर्गमैत्रिणींशी भांडले होते, माझ्या वडिलांना अडकवलंय म्हणून छातीवर हात मारून सांगत फिरले होते. आणि हे इथं होतं, त्यांच्याच हातचं, सगळा वेळ. अडकवणारं कुणी नव्हतंच. शेजारी डबे होते. घरी नेले, असं जबाब म्हणत होता, आणि ते घरातून आणून देणारी मी होते.

"उदयला बोलवा," मी म्हणाले. "माझ्यासमोर विचारा त्याला."

तो आला. दारातच त्याला डबे दिसले. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला अजून आशा होती, खरंच होती. चेहरा पांढरा पडला त्याचा. मनात म्हटलं, बोल. अण्णा पाच महिने दाराजवळ बसलेत, त्या खुर्चीसाठी तरी बोल.

"आवटी, या वस्तू ओळखता का?" साहेबांनी विचारलं.

त्यानं पुढं येऊन एक डबा उचलला, उलटा केला, खरवडलेली जागा अंगठ्यानं चाचपली.

"सापडले वाटतं," तो म्हणाला. "कुठं होते?"

मी खुर्चीतून उठले की बसून राहिले ते मला आठवत नाही. माझी वही उघडून त्याचं अक्षर मी साहेबांना दाखवलं एवढं आठवतं. तो म्हणाला, हो, मगदूम अण्णांबद्दल आदर आहे, म्हणून रविवारी मुलीला शिकवायला जायचो. डबे त्यांच्या घरचेच होते, कुठून आले ते मी कशाला विचारू. बोलताना एकदाही अडखळला नाही. वाक्य संपल्यावर मात्र त्याला कोरडा खोकला आला आणि माझ्यासाठी आणलेलं पाणी तो प्यायला.

"वडिलांसाठी तुझा जीव तुटतोय, कळतंय मला," साहेब मला म्हणाले. "पण त्यापायी दुसऱ्याचं नाव घेऊ नये. माल मिळाला. गिरणीच्या बाजूनं विषय संपला."

रिकामं पोतं घेऊन मी बाहेर पडले. गेटवरच्या वॉचमननं ओळखून अण्णा कसे आहेत विचारलं, तर मी न थांबता रस्त्याला लागले.

आता सांगून टाकते. परीक्षा मी दिली, तीन महिने उशिरा. अर्शियाकडे पुण्यात राहून, तिच्या कंपनीच्या लॅबमध्ये, पंधरावर सराव करून. पास झाले. पुढं याच कामावर मी घर घेतलं, मोठ्या मोठ्या ठिकाणची नेटवर्कं उभी केली, माझ्या हाताखाली माणसं आली. वकील कधीच लावला नाही. कशाच्या जोरावर लावणार होते? जबाब अण्णांचा, माल अण्णांच्या घरातला, आणि तो नेऊन देणारी अण्णांची मुलगी.

त्या गुरुवारी घरी आले तेव्हा अण्णा दाराजवळच्या खुर्चीत बसलेले होते. टेबल रिकामं होतं. मी काय केलं हे त्यांना टेबलाकडे बघूनच कळलं असणार. मी पोतं कोपऱ्यात टाकलं.

"उदय भेटला?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "कोल्हापूरला गेला होता. डबे ऑफिसात दिले."

घरात पंख्यांचा आवाज नव्हता आणि त्याची मला इतकी सवय झाली होती की कानात दडे बसल्यासारखं वाटत होतं.

"हेरवाडे साहेबांचा फोन आला हुता," अण्णा म्हणाले. "दोन वर्षांत पहिल्यांदा."

मी मान खाली घातली.

"काय म्हणाले?"

"माल मिळाला म्हणाले. आणि पोरीला समजवा म्हणाले." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "उदय काय बोलला त्ये पण सांगितलं त्यांनी."

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले. चुकलं म्हणाले. तुम्ही लिहून का दिलंत म्हणाले. तो माणूस तसलाच होता अण्णा, आज ना उद्या हेच बोलला असता, असंही म्हणाले. रडत होते, त्यामुळं कोणतं आधी म्हणाले आणि कोणतं नंतर ते सांगता येणार नाही. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एकतीस वर्षांची नोकरी गेली तेव्हाही या माणसाच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नव्हतं, ते तेव्हा बघितलं.

"असंल तसला," ते म्हणाले. "पर मला म्हायती न्हवतं गं. तू गेली नसतीस, तर मला अजून वाट बघता आली असती."